फॉरमॅट मारू की नको?

पत्र : तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन असं सगळं करते. 2017 साली घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय3, 4 जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. पावसाळ्यापासून तो सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो. पेजमेकरमध्ये फाईल सेव्ह करायला गेलं की मध्येच गोठतो, डब्यातून टिक टिक आवाज येतो, मग आपोआप चालू लागतो. दोनदा निळी स्क्रीन आली. गेल्या हंगामातल्या दोन पत्रिका तर उघडतच नाहीत. मार्चमध्ये दुरुस्तीवाल्याने विंडोज मारून दिली होती. महिना-दीड महिना छान चालला, मग येरे माझ्या मागल्या. आता तो म्हणतो पुन्हा फॉरमॅट मारू, 600 रुपये होतील. भाचा म्हणतो मामी, मीच फुकट मारून देतो. डी ड्राइव्हला धक्का लागत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून सगळं काम डीमध्येच ठेवलंय. यजमानांच्या खताच्या दुकानाचं टॅलीही याच मशीनवर आहे. तुळशीचं लग्न लागलं की मला पाणी प्यायलाही फुरसत नसते. त्याआधी मारून टाकू का फॉरमॅट?

उत्तर : ताई, नका मारू. या डिस्कवर तर अजिबातच नको.

आपल्याकडे फॉरमॅट 'मारतात', विंडोजही 'मारतात'. हा शब्द कुणी रूढ केला माहीत नाही, पण त्यात दुरुस्तीपेक्षा वैतागच जास्त ऐकू येतो. तुमच्या पत्रात मात्र काय दुखतंय ते इतकं नीट लिहिलंय, की मारामारीची गरज नाही. फक्त ती लक्षणं एका ओळीत ठेवून बघायला हवीत.

हार्ड डिस्कच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं केसाहूनही कमी अंतरावर तरंगत फिरतं. चकतीचा एखादा तुकडा कमजोर झाला की तिथलं वाचता येत नाही. डिस्क लगेच हार मानत नाही. मागे जाते, पुन्हा येते, पुन्हा वाचून बघते. टिक टिक आवाज बहुतेक त्याच धडपडीचा. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट बघत थांबतं, आणि तुम्हाला वाटतं मशीन गोठलं. डिस्कला शेवटी वाचता आलं तर ते पुढे चालू लागतं. नाहीच आलं तर 'फाईल उघडत नाही', आणि तो तुकडा विंडोजच्या स्वतःच्या एखाद्या फाईलचा असेल तर निळी स्क्रीन. म्हणजे तुम्ही चार-पाच तक्रारी लिहिल्यात, पण माझा अंदाज असा की रोग एकच आहे.

मग मार्चमध्ये फॉरमॅट मारल्यावर बरं कसं वाटलं? फॉरमॅट सहसा 'क्विक' मारतात. त्यात चकती तपासली जात नाही, फक्त कुठे काय आहे याची अनुक्रमणिका नवी होते. काम काही सेकंदांचं. त्यावर विंडोजच्या फाईली नव्याने लिहिल्या गेल्या, त्या बहुधा चकतीच्या धड जागेवर पडल्या. शिवाय रिकामं विंडोज कुठल्याही मशीनवर दोन-चार आठवडे हलकंच वाटतं. हळूहळू प्रोग्रॅम भरले, अपडेट आले, कमजोर भाग पसरला, आणि तुम्ही होतात तिथेच आलात. फॉरमॅट मारल्यावर जो आजार महिन्या-दोन महिन्यांत त्याच रूपात परत येतो, तो विंडोजमध्ये नव्हताच असं धरून चालावं.

आता डी ड्राइव्हबद्दल. हा गैरसमज मी इतक्या घरांत पाहिलाय की मोजणं सोडून दिलं. सी आणि डी या दोन डिस्क नाहीत. एकाच वावरात मधे बांध घातलाय, एवढंच. विंडोज पुन्हा टाकताना सीवरचं जातं आणि डीवरचं राहतं हे खरं, पण टाकणाऱ्याने पडद्यावर योग्य रकान्यावर बोट ठेवलं तर. त्या यादीत सी-डी अशी नावं नसतात, 'पार्टिशन 2', 'पार्टिशन 4' असं काहीतरी असतं. घाईत चुकीची ओळ निवडणारे हात मी पाहिलेत. आणि डिस्कच गेली तर बांधाच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही एकदमच जातं. तुमचं डीमधलं काम आज एकाच जागी आहे, आणि ती जागा टिक टिक करते आहे.

म्हणून पहिलं काम निर्णयाचं नाही, नकलेचं. आजच एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, निदान मोठा पेनड्राइव्ह तरी. मशीन सुरू झालं की दुसरं काहीही उघडू नका, फक्त कॉपी करा. आधी हातात असलेली कामं, मग टॅली, मग यंदाच्या प्रश्नपत्रिका, मग जुनं. सगळी डी एकदम ओढून टाकू नका, एकेक फोल्डर न्या. एखाद्या फाईलवर अडकलं तर ती सोडून पुढे चला, तिच्यामागे तासभर घालवाल तेवढ्यात चांगल्या शंभर जातील. आणि कुणीही कितीही आग्रह केला तरी या डिस्कवर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाईलींची फेरमांडणी), अख्ख्या मशीनचं व्हायरस स्कॅन किंवा चेकडिस्कची ती सगळी चकती खरवडणारी तपासणी लावू नका. आजारी डिस्कला ही सक्तमजुरी आहे. अशी तपासणी रात्री लावून सकाळी मशीन उठलंच नाही, असे प्रकार मला माहीत आहेत. आवाज मोठा झाला किंवा कॉपी करताना डिस्क दिसेनाशी झाली, तर मशीन बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे न्या. त्यानंतर प्रत्येक वेळी चालू करून बघणं म्हणजे उरलेलंही पणाला लावणं.

तुमच्या धंद्यात कॉपी म्हणजे नुसत्या फाईलींची नाही, आणि इथेच डीटीपीवाल्यांची फसगत होते. पेजमेकरच्या फाईलीत गणपतीचं चित्र दिसतं, पण पुष्कळदा ते आत नसतं. फाईल फक्त त्याचा पत्ता धरून असते. म्हणून फाईल उचलू नका, अख्खं फोल्डर उचला. दुसरी गोष्ट फॉन्टची. श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं जुनं काम युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाइलवर चालणाऱ्या सर्वमान्य लिपीपद्धतीत, नसतं. ते अक्षर म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी टोप्या-ठिपक्यांची रोमन रांगोळी दिसते. मजकूर मेलेला नसतो, पण तोच फॉन्ट परत मिळेपर्यंत मुका असतो. म्हणून सी ड्राइव्हमधलं विंडोज, त्यातलं फॉन्ट्स हे फोल्डर पूर्ण उचलून ठेवा. श्रीलिपीची मूळ सीडी आणि तो यूएसबीचा डोंगल, म्हणजे त्याच्या परवान्याची किल्ली, कुठे आहे ते आजच शोधा. डोंगल डब्याच्या मागे धुळीत असतो आणि नेमका त्याच दिवशी हरवतो. प्रिंटर जुना असेल तर त्याचा ड्रायव्हरही बाजूला काढा, आता कंपनीच्या साइटवर मिळेलच असं नाही.

यजमानांच्या टॅलीचं वेगळं. डेटाचं फोल्डर कॉपी करा, शिवाय टॅलीतून बॅकअपही घ्या. आणि मशीन अजून चालतंय तोवर टॅलीचं लायसन्स 'सरेंडर', म्हणजे कंपनीकडे परत जमा, करून घ्या. ते नव्या विंडोजवर पुन्हा चालू करता येतं. हे न करता डिस्क बदलली तरी मार्ग निघतो, पण ऐन जीएसटीच्या तारखेला तो शोधत बसायची वेळ यजमानांवर कशाला आणायची?

कॉपी झाली की मग तपासणी. माझं म्हणणं डोळे झाकून मानू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची वही उघडून दाखवतं. वर निळा 'गुड', पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' असा शेरा येतो. शेऱ्यावर न थांबता खाली 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी बघा. पहिलीत निकामी होऊन बदललेले तुकडे, दुसरीत संशयित, तिसरीत वाचताच न आलेले. शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर माझा अंदाज चुकला. शून्याशिवाय काही असेल आणि चार दिवसांनी ते वाढलेलं दिसलं, तर डिस्क शेवटच्या प्रवासाला निघाली आहे, तिला थांबवू नका.

याच वहीत सी7 ही ओळ आहे. बाकी सगळं शून्य आणि फक्त हिचाच आकडा वाढत असेल, तर डिस्क बिचारी ठीक असते, तिला बोर्डाशी जोडणारी सॅटाची वायर सैल किंवा खराब असते. मशीन तेव्हाही असंच गोठतं. त्यावर उपाय एका वायरीचा. दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर त्याला एवढंच म्हणा, 'आधी डिस्कची तब्येत दाखवा, मग फॉरमॅटचं बोलू.' चांगला माणूस लगेच दाखवेल. कां-कूं करणारा असेल तर तुमचे 600 वाचले.

मी उपदेश करतोय खरा, पण हे शिकलो ते लोकांच्या पैशावर. विंडोज एक्सपीच्या काळात मी दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. एका मास्तरांचं मशीन मी महिन्याभरात तीनदा फॉरमॅट केलं आणि तिन्ही वेळा तीनशे रुपये घेतले. दर वेळी निळी स्क्रीन, दर वेळी वेगळा कोड. चौथ्या वेळी कंटाळून रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, परत बसवली. त्यानंतर ते मशीन पाच वर्षं चाललं. मास्तर काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. निळ्या स्क्रीनचा कोड दर वेळी बदलत असेल तर रॅमवर संशय घ्यावा, हे तेव्हा डोक्यात पक्कं झालं. म्हणून पुढच्या वेळी निळी स्क्रीन आली तर आधी मोबाइलवर तिचा फोटो काढा. आणि स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रात्री ती चाचणी लावून ठेवा. पण कॉपी झाल्यावरच.

भाच्याला हौस आहे तर त्याला एक खरं काम सांगा. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट यंत्रणेची मिंट किंवा उबुंटू ही आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून सुरू करायचं, डिस्कवर काहीही न टाकता. अर्धा तास ब्राउझर चालवायचा. तिथेही मशीन लटकलं किंवा बंद पडलं, तर विंडोजचा दोष नाही हे सिद्ध झालं. मग रॅम, पॉवर सप्लाय, उष्णता यांच्या मागे लागायचं. आठ वर्षांच्या डब्यात पंख्याला धुळीची गोधडी बसलेली असते आणि आपल्याकडच्या विजेच्या चढउताराने एसएमपीएस, म्हणजे तो पॉवर सप्लाय, थकलेला असतो. तिथे मशीन सुरळीत चाललं पण डिस्कवरच्या फाईली उघडताना अडखळलं, तर आपण पुन्हा डिस्कपाशी. या पेनड्राइव्हचा दुसरा उपयोग म्हणजे विंडोज उठायलाच तयार नसेल तेव्हा फाईली बाहेर काढता येतात.

मग फॉरमॅट मारायचाच नाही का कधी? मारायचा की. कुठून तरी उचललेला क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्रॅम, चालवला आणि त्यासोबत मशीनमध्ये कुणी शिरलं, तर साफ पुसून नवं टाकण्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. मशीन विकताना पुसायचंच. पण डिस्क, रॅम, वायर सगळं धड आहे आणि विंडोजच बिघडलंय असं ठरल्यावरही फॉरमॅट ही शेवटची पायरी आहे. आधी सी ड्राइव्ह गच्च भरलाय का, दोन-दोन अँटिव्हायरस भांडतायत का, सुरू होतानाच वीस प्रोग्रॅम उठतायत का, हे पाहावं. मग डिझम आणि एसएफसी या विंडोजमध्येच असलेल्या दोन आज्ञा, त्या बिघडलेल्या फाईली बदलून देतात. त्यानेही भागलं नाही तर चालू विंडोजमधूनच विंडोजचं सेटअप पुन्हा चालवता येतं आणि 'फाईली व प्रोग्रॅम ठेवा' असं सांगता येतं. विंडोज ताजं होतं, पेजमेकर, टॅली, फॉन्ट जागच्या जागी राहतात. ही सोय इतकी कमी लोक वापरतात याचं मला नवल वाटतं. कदाचित हिला कुणी 'मारणं' म्हणत नाही म्हणून असेल. त्यानंतर 'रीसेट'. त्यात फाईली ठेवता येतात पण प्रोग्रॅम जातात. त्याच्याही पुढे फॉरमॅट.

तुमच्या मशीनचं आता. डिस्कची वही मला वाटते तशीच निघाली, तर नवी एसएसडी घ्या, 500 जीबीच्या आसपासची सॅटाची पुरे, आणि विंडोज तिच्यावर नव्याने टाका. म्हणजे विंडोज पुन्हा टाकायचं आहेच, फक्त डिस्क वेगळी. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपवर, त्यामुळे सात-आठ मिनिटांचा चहा बंद होईल आणि मशीन मिनिटभरात समोर उभं राहील. सोबत रॅम वाढवून 8 जीबी करा. तुमच्या बोर्डावर डीडीआर3 बसते की डीडीआर4 ते डबा उघडून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. आठ वर्षांच्या मशीनवर याहून जास्त खर्च मात्र करू नका.

कुठलं विंडोज, हा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. तुमचा सातव्या पिढीचा, एका पायरीने हुकला. 'काळजी नको, मी युक्तीने 11 बसवतो' म्हणणारे भेटतील. बसतंही. पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि हंगामात प्रयोग नको. त्यापेक्षा विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती, 22एच2, टाका आणि सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरून सेटिंग्ज सिंक केली तर पैसे पडत नाहीत. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत अपडेट येत राहतील. तोवर नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाका. लिनक्स मला आवडतं, पण पेजमेकर आणि श्रीलिपी तिथे सुखाने नांदत नाहीत, म्हणून तुम्हाला नाही सुचवत.

एक गोष्ट मुद्दाम बघा. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'तुमच्या संस्थेच्या सेवेने विंडोज सक्रिय झालं आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसतंय का? तुमच्या छोट्या दुकानात कसली आलीय संस्था. तसं दिसलं तर मार्चमध्ये चोरीचं विंडोज बसवलंय असं समजा. असले ॲक्टिव्हेटर चालवताना बऱ्याचदा विंडोजचा स्वतःचा पहारेकरी झोपवावा लागतो, आणि यजमानांच्या दुकानाचे हिशेब त्याच मशीनवर आहेत. मशीन घेताना खरं विंडोज सोबत आलं असेल तर त्याचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी नेटला जोडताच ते आपोआप सक्रिय होतं, पुन्हा पैसे लागत नाहीत. टाकायचं विंडोजही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून भाच्याने स्वतः 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर बनवावं, कुणाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवरून नको.

जुनी डिस्क दुकानदाराला 'एक्सचेंज'मध्ये देऊ नका. ती काढा, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. लग्नसराईत कुणीतरी 2019 ची पत्रिका मागत येणारच, आणि ती कॉपीत राहिलेली असेल तर शोधायला एक जागा तरी उरेल. निदान वर्षभर तिला हात लावू नका. आणि एसएसडी बसवायच्या दिवशी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा, म्हणजे पडद्यावरच्या यादीत एकच डिस्क दिसेल. मग भाच्याला खुशाल बसवा समोर. मामीसाठी त्याला जेवढे फॉरमॅट मारायचे तेवढे त्या नव्या कोऱ्या डिस्कवर मारू देत.